बौद्धिक संपदा कायद्यात प्राध्यापकी: शमनाद बशीर यांचं काम, फेणीचा जीआय आणि आपल्याकडची मुलं

फोंड्याची_आई
नमस्कार मंडळी. मुलगी पाच वर्षांचा लॉ करतेय, हे शेवटचं वर्ष. घरात दोन तट पडलेत. तिचे बाबा आणि काका म्हणतात सनद घे, एखाद्या सिनियरकडे राहा, नाहीतर जेएमएफसीची, म्हणजे खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशाच्या परीक्षेची, तयारी कर, न्यायाधीश झालीस तर आयुष्याचं कल्याण. ती म्हणते एलएलएम करायचं, आयपीमध्ये संशोधन करायचं आणि कॉलेजात शिकवायचं. आयपी म्हणजे पेटंट, कॉपीराइट, ट्रेडमार्क, आपल्या फेणीला मिळालं ते जीआय (एखाद्या भागातल्या खास मालाला मिळणारं भौगोलिक मानांकन), इतपत मला आता पाठ झालंय. तिच्या टेबलावर शमनाद बशीर म्हणून एका प्राध्यापकांचे लेख प्रिंट काढून ठेवलेले असतात, पानोपानी पेन्सिलीच्या खुणा. मी बँकेत होते, हे जग माझं नाही. तर विचारायचं एवढंच की हे करिअर म्हणजे असतं काय? हे लोक वर्षानुवर्षं करतात काय, आणि गोव्यात राहून हे होतं का? पगाराचं नंतर बघू, आधी हे कळू दे.

सत्तरीकर
ताई, जेएमएफसी वाईट नाय, पण पोरीचा ओढा नसेल तर जबरदस्ती करू नका, एवढंच मी बोलेन. मी लॉवाला नव्हे. आमची काजूची भट्टी आहे, वडिलांची, आता मी आणि भाऊ बघतो. फेणीला जीआय मिळाला म्हणून २००९ साली पेपरात मोठमोठं आलेलं, आमच्या भट्टीवर त्याचा काय फरक पडला तो आम्हाला अजून दिसला नाय. तेव्हा प्रोफेसर लोकांनी यावर लेख लिहिल्याने भट्टीवाल्याचं काय भलं होतं हे पण कोणीतरी सांगा. राग नको, मनापासून विचारतोय.

शिकवणारी_पणजी
@फोंड्याची_आई ताई, मी गोव्यातच कायदा शिकवते, आयपीचा पेपर माझ्याकडेच असतो, त्यामुळे जरा लांब लिहिते, सवडीने वाचा.

तुमच्या लेकीने निवडलेलं नाव योग्य आहे, कारण या क्षेत्रातलं करिअर काय असू शकतं ते बशीर यांच्याकडे बघून जितकं कळतं तितकं इतर कोणाकडे बघून कळत नाही. ते केरळचे, कोल्लमचे. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये शिकले, मग दिल्लीत आयपीच्या नावाजलेल्या फर्ममध्ये वकिली केली, तिथं चांगलं बस्तान असताना ते सोडून ऑक्सफर्डला गेले, बीसीएल केलं आणि पुढे तिथंच डॉक्टरेट. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवलं. आणि मग २००८ मध्ये परत आले, कोलकात्याच्या एनयूजेएस या लॉ युनिव्हर्सिटीत, केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने आयपीसाठी जी अध्यासनं काढली होती त्यातल्या एकावर प्राध्यापक म्हणून. तेव्हा वय होतं ३२.

आता यात वेळ महत्त्वाची आहे ती समजून घ्या. आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावर पेटंट देणंच बंद केलं होतं, फक्त ते बनवायच्या पद्धतीवर मिळायचं, त्याच जोरावर आपल्या कंपन्यांनी स्वस्त औषधं बनवली. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे १ जानेवारी २००५ पासून औषधावर पुन्हा पेटंट सुरू झालं. म्हणजे एक अख्खा कायदा नवा, त्याचा अर्थ कसा लावायचा हे ना वकिलांना पक्कं ठाऊक ना पेटंट ऑफिसला, आणि नेमक्या त्याच २००५ मध्ये बशीर यांनी स्पायसी आयपी नावाची साइट सुरू केली. भारतातल्या आयपीच्या प्रत्येक निकालावर, प्रत्येक नियमावर तिथं लिहिलं जायचं, तेही सामान्य माणसाला वाचता येईल असं, आणि लिहिणारे बरेचसे विद्यार्थी. आज आयपी शिकवणाऱ्या कितीतरी लोकांनी पहिला लेख तिथं लिहिलाय. माझे विद्यार्थी अजून परीक्षेच्या आधी तीच साइट उघडतात.

पण मला स्वतःला त्यांचं जे काम सगळ्यात मोठं वाटतं ते फॉर्म सत्तावीसचं. पेटंट कायद्याच्या कलम १४६ खाली पेटंटवाल्याला ठरलेल्या मुदतीत सरकारला सांगावं लागतं की बाबा या पेटंटचा भारतात मी वापर केला की नाही, माल किती बनवला, किती आयात केला, किती रुपयांचा. तो भरायचा नमुना म्हणजे फॉर्म सत्तावीस. हा कागद कोणी वाचतच नव्हतं. बशीर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी माहिती अधिकारात अर्ज टाकून हे फॉर्म मागवले आणि बसून वाचले, तर काही भरलेलेच नाहीत, काही अर्धवट, काहींत 'माहिती उपलब्ध नाही' असलं काहीतरी. आता कोणी म्हणेल एवढ्याशा फॉर्मचं काय. तर २०१२ मध्ये बायरच्या नेक्साव्हार या कॅन्सरच्या औषधावर नॅटको कंपनीला जे सक्तीचं लायसन्स (पेटंटवाल्याची संमती नसतानाही औषध बनवायची सरकारी परवानगी) मिळालं, देशातलं पहिलं, त्यात औषध पुरेशा रुग्णांपर्यंत पोचत नाही हे दाखवायला बायरनेच भरलेल्या फॉर्म सत्तावीसमधले आकडे कामी आले. महिन्याला सुमारे २ लाख ८० हजारांचं औषध नॅटकोने ८,८८० रुपयांत द्यायचं ठरलं. म्हणजे त्या फॉर्मचं वजन लक्षात घ्या.

२०१५ मध्ये बशीर यांनी दिल्ली हायकोर्टात जनहित याचिका टाकली की हे फॉर्म नीट भरून घ्या, न भरणाऱ्यांवर कारवाई करा, लोकांना बघायला खुले करा. २०१८ मध्ये कोर्टाने सरकारला फॉर्म सुधारायला सांगितलं. सुधारलेला फॉर्म आला ऑक्टोबर २०२० मध्ये. तो बघायला बशीर नव्हते, ऑगस्ट २०१९ मध्ये कर्नाटकात चिकमगळूरजवळ त्यांचा मृत्यू झाला, वय फक्त ४३. हे लिहिताना अजून वाईट वाटतं.

तर ताई, 'काय करतात' याचं उत्तर हे असं आहे. वर्ग घेतात, पेपर तपासतात, लेख लिहितात, ते सगळं आहेच. पण जो कागद कोणी वाचत नाही तो मागवून वाचणं आणि त्यातून दिसलेलं पुढे नेत राहणं, ही खरी प्राध्यापकी.

वेर्णा_फार्मा
शिकवणारी ताईंनी फॉर्मचं लिहिलं, मी नोव्हार्टिसचं लिहितो कारण मी वेर्ण्याला औषध कंपनीत क्वालिटीत आहे आणि आमच्याकडे ट्रेनिंगमध्ये पण ही केस सांगतात. ग्लिव्हेक म्हणून रक्ताच्या कॅन्सरवरचं औषध, मूळ रेणू इमॅटिनिब, तो जुना, नोव्हार्टिसने त्याच्या मेसिलेट क्षाराच्या बीटा क्रिस्टल स्वरूपावर इथं पेटंट मागितलं. चेन्नईच्या पेटंट ऑफिसने २००६ मध्ये नाकारलं, मग मद्रास हायकोर्ट, मग अपिलाचं बोर्ड, असं करत करत सुप्रीम कोर्टात आणि १ एप्रिल २०१३ ला नोव्हार्टिस हरली. सगळं अडलं कलम ३ (ड) वर. माहीत असलेल्या पदार्थाचं नुसतं नवं रूप आणलं तर पेटंट नाही, त्याने औषधाचा गुण खरोखर वाढला हे दाखवा, असं ते कलम आहे. आणि कोर्टाने म्हटलं की औषधाच्या बाबतीत गुण म्हणजे रोग्याला बरं करण्याचा गुण, पावडर चांगली वाहते किंवा जास्त टिकते हे आमच्यासारख्या फॅक्टरीवाल्यांना सोयीचं असेल पण ३ (ड) साठी ते चालत नाही.

या केसमध्ये बशीर सुप्रीम कोर्टात स्वतः उभे राहिले, कोणाचे वकील म्हणून नाही, कंपनीकडून नाही, रुग्ण संघटनेकडून नाही, एक अभ्यासक म्हणून कोर्टाला मदत करायला. आणि त्यांचं म्हणणं एकतर्फी नव्हतं हे मला आवडतं. ते म्हणाले प्रत्येक फायदा धरू नका, गुणाशी संबंध असेल तेवढाच धरा, पण औषधाचा विषारीपणा खरंच कमी होत असेल तर तेही गुणात मोजा. म्हणजे दोन्ही बाजूंना थोडं नकोसं वाटेल असं. निकालात त्यांच्या या मांडणीचा नावानिशी उल्लेख आहे. एका मास्तरचं म्हणणं देशाच्या सर्वोच्च कोर्टाच्या निकालपत्रात जातं, अजून काय पाहिजे करिअरमध्ये?

रोखठोक_मडगाव
सगळं छान आहे पण एक बाजू कोणी बोलत नाहीये. नॅशनल लॉ स्कूल, ऑक्सफर्ड, अमेरिका, हे बळ ज्याच्या पाठीशी आहे त्याला कोर्टात अभ्यासक म्हणून उभं राहता येतं. आमच्या पोरांना ते जमणार का? फोंड्याच्या आईंनी हे वाचून मुलीला मोठी स्वप्नं दाखवायची आणि पुढे ती कॉन्ट्रॅक्टवर लेक्चर-बेसिसला तासाच्या हिशेबाने राबणार, हे मी डोळ्यांनी बघितलंय, घरातच. माझ्या बहिणीने एका कॉलेजात असंच काढलं, दर वर्षी जूनमध्ये पुन्हा मुलाखत आणि सुट्टीत पगार नाही. प्राध्यापकी थोर आहे, मान्य, पण पोटाचं पण बोला.

शिकवणारी_पणजी
@रोखठोक_मडगाव तुमचं बरोबर आहे आणि ते लपवायला नको. लेक्चर-बेसिसची वर्षं बहुतेकांच्या वाट्याला येतात, माझ्याही आली. पण ऑक्सफर्डशिवाय जमत नाही हे मात्र मी मानत नाही, आणि बशीर स्वतःही मानत नव्हते, म्हणून तर त्यांनी २०१० मध्ये आयडीआयए सुरू केलं. मोठ्या लॉ कॉलेजांत कोण येतं तर इंग्रजी माध्यमातली, शहरातली, महागडे क्लास परवडणारी मुलं. हे त्यांना खटकलं. आयडीआयएचे विद्यार्थी स्वयंसेवक गावातल्या शाळांत जाऊन मुलं निवडतात, त्यांना क्लॅटची, म्हणजे लॉ युनिव्हर्सिटीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करून देतात, प्रवेश मिळाला की फीपासून इंग्रजीपर्यंत पाच वर्षं मागे उभे राहतात. दृष्टिहीन मुलंही त्यातून लॉ युनिव्हर्सिटीत पोचलीत. २०१५ मध्ये क्लॅट परीक्षेतला गोंधळ सुधारा म्हणून ते सुप्रीम कोर्टातही गेले. त्याआधी २०१४ चं मानव्यविद्या विभागातलं इन्फोसिस प्राइझ त्यांना मिळालं होतं.

एक आयपीचा प्राध्यापक प्रवेश परीक्षेच्या मागे का लागला असा प्रश्न मला माझ्या एका विद्यार्थ्याने विचारला होता. मला त्यात एकच धागा दिसतो. औषध असो, पुस्तक असो की लॉ कॉलेजची जागा असो, दाराबाहेर कोण राहिलंय हे ते आधी बघायचे.

माशेलकर_गाववाला
निवृत्त शिक्षक, मुक्काम माशेल. चर्चा वाचून राहवलं नाही. बौद्धिक संपदेचा विषय निघाला आणि आमच्या गावाचं नाव निघू नये हे बरं नव्हे. डॉ. रघुनाथ माशेलकर आमच्या माशेलचे. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला हळदीने जखम भरते यावर पेटंट मिळालं. प्रत्येक घरातल्या आजीला ठाऊक असलेली गोष्ट. सीएसआयआर या सरकारी विज्ञान संशोधन परिषदेने, माशेलकरांच्या नेतृत्वाखाली, त्याला आव्हान दिलं, जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ चा भारतीय मेडिकल जर्नलमधला लेख पुरावा म्हणून ठेवला आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. तेव्हा आम्ही शाळेत मुलांना हे अभिमानाने सांगितलं, आजही सांगतो.

ताळगाव_पठार
मास्तर, नमस्कार. हळदीचा अभिमान आम्हालाही आहे. पण माशेलकर आणि बशीर या दोन नावांची एक गाठ पडलेली आहे, आणि मी विद्यापीठात पीएचडी करतोय, आम्हाला संशोधनाच्या शिस्तीच्या तासाला ती शिकवतात, म्हणून आदर ठेवून लिहितो. २००५ मध्ये कायदा बदलल्यावर सरकारने माशेलकरांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली. प्रश्न असा की औषधाचं पेटंट फक्त पूर्णपणे नव्या रेणूपुरतं मर्यादित ठेवलं तर ते जागतिक करारात बसतं का. डिसेंबर २००६ मध्ये अहवाल आला, बसत नाही असा. आणि मग उघड झालं की त्यातला कळीचा मजकूर बशीर यांच्या एका निबंधातून जवळपास जसाच्या तसा आलाय, तोही श्रेय न देता. तो निबंध लंडनच्या एका आयपी संस्थेसाठी लिहिलेला होता आणि त्याला बड्या औषध कंपन्यांच्या संघटनेचा पैसा होता. माशेलकरांनी फेब्रुवारी २००७ मध्ये अहवाल स्वतःहून परत घेतला, २००९ मध्ये दुरुस्त करून पुन्हा दिला, सरकारने तो स्वीकारला.

मला यातून दोघांपैकी कोणाला लहान करायचं नाही. पण जो अभ्यासक २००५ मध्ये कंपन्यांच्या पैशाच्या प्रकल्पासाठी लिहितो तोच पुढे सुप्रीम कोर्टात कोणाचाच न होता उभा राहतो, आणि २०१५ मध्ये पेटंटवाल्या कंपन्यांना हिशेब द्यायला लावतो, हा प्रवास मला फार महत्त्वाचा वाटतो. या क्षेत्रात पैसा चहूबाजूंनी येतो. औषध कंपन्या, प्रकाशक, सॉफ्टवेअरवाले, सगळ्यांना आपल्या बाजूचा निबंध हवा असतो. फोंड्याच्या ताईंच्या मुलीने हे पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवावं, कोणाचा पैसा घेतला ते पहिल्या पानावर लिहावं.

माशेलकर_गाववाला
वाचलं. तुम्ही संयमाने लिहिलंत. अहवाल परत घेणं हेही सगळ्यांना जमत नाही, एवढं मी माझ्या गावच्या माणसासाठी म्हणेन. आणि विद्यार्थ्यांना दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात, हळदीचीही आणि अहवालाचीही, हे मला पटलं.

वेर्णा_फार्मा
मास्तर +१

मिरामार_विद्यार्थी
झेरॉक्सची केस कोणी काढली नाही अजून! दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपीवर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दावा टाकला होता, पुस्तकांतली प्रकरणं एकत्र बांधून विद्यार्थ्यांना विकतात म्हणून. १६ सप्टेंबर २०१६ ला दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की शिकवण्याच्या ओघात लागणारी अशी प्रत कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ खाली चालते. बशीर सरांनी यावर विद्यार्थ्यांच्या बाजूने खूप लिहिलं होतं. आम्ही लायब्ररीतून पुस्तक आणून प्रकरणं झेरॉक्स काढतो, लॉची परदेशी पुस्तकं आमच्या बजेटच्या पार बाहेर. माझ्यासाठी आयपी कायदा खरा झाला तो या केसमुळे.

सत्तरीकर
सगळं वाचलं, चांगलं वाटलं. हळद झाली, कॅन्सर झाला, झेरॉक्स झालं. माझी भट्टी राहिली तशीच.

ताळगाव_पठार
@सत्तरीकर भाऊ, तुमच्याकडेच येत होतो. तुमच्या प्रश्नावर आधी एका अभ्यासकाने काम केलंय, द्विजेन रांगणेकर. इंग्लंडमध्ये वॉरिक विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये होते, तेही आता हयात नाहीत. फेणीचा जीआय झाला त्याच सुमाराला त्यांनी गोव्यात फिरून फेणीचा अभ्यास केला, भट्टीवाले, बाटलीत भरून विकणारे, सरकारी लोक, सगळ्यांना भेटले, आणि २००९ मध्ये तो अभ्यास आला. जगभर जीआयवर शिकवताना आज फेणीचं उदाहरण निघतं ते मोठ्या अंशी त्यामुळे.

त्यांनी उभा केलेला प्रश्न साधा आहे. फेणी म्हणजे काय हे कोणी ठरवलं? अर्ज केला डिस्टिलर आणि बॉटलर लोकांच्या संघटनेने, सरकारच्या मदतीने. नोंद झाली ती काजूच्या फेणीची. माडाची फेणी बाहेर राहिली. आता काजू आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून आला, माड तर त्याच्या आधीपासून आहे, दक्षिण गोव्यात रेंदेर, म्हणजे माडावर चढून सूर (माडी) काढणारे लोक, सुरेपासून फेणी काढतात ती परंपरा जुनी, पण नोंदीत ती नाही. एकदा कागदावर व्याख्या झाली की जो व्याख्येत बसत नाही तो आपल्याच गावात बाहेरचा होतो.

तुमच्या भट्टीबद्दल म्हणाल तर जीआय नोंदवला गेला म्हणून प्रत्येक भट्टीवाल्याला तो आपोआप लागू होत नाही. नोंदणी संघटनेच्या नावावर, आणि तुम्हाला तो वापरायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीत वेगळं नाव घालावं लागतं. ते नसेल तर लेबलवर जीआयचं चिन्ह लावता येत नाही. आता शुल्क फार नाही, २०२० मध्ये ५०० वरून १० रुपये केलंय. अडतं ते इंग्रजी फॉर्मवर, पुराव्याच्या कागदांवर, आणि भट्टीवर येऊन कोणी समजावत नाही यावर. शिवाय तुम्ही फेणी सुटी विकता की बाटलीत? सुटी घेऊन जाणारा पुढे लेबल लावतो, चिन्हाचा फायदा झालाच तर तो तिथं होतो.

सत्तरीकर
सुटीच. ड्रममधून नेतात. आज इतक्या वर्षांनी कोणीतरी हे सरळ सांगितलं. देव बरें करूं.

काणकोणची_सुनंदा
आमच्याकडे खोल गावच्या मिरचीला जीआय आहे, आणि बाजारात कुठलीही लाल मिरची 'खोलची' म्हणून विकतात, बायका गावातून टोपली घेऊन बसतात त्यांच्या शेजारीच. २०२३ मध्ये बेबिंका ही मिठाई झाली, मानकुराद आंबा झाला, आगशीची वांगी झाली. पेपरात सर्टिफिकेटचा फोटो येतो. त्याच्यापुढे काय झालं याच्या मागे लागणारं माणूस मला दिसत नाही. या मुलीने तेच करावं असं मला मनापासून वाटतं. गो बाय, आमच्या खोलात ये.

रोखठोक_मडगाव
हे वाचून माझं मत थोडं हललं. पण तरी व्यवहाराचं कोणीतरी लिहा, ताईंना तेच हवंय.

शिकवणारी_पणजी
लिहिते. सहायक प्राध्यापक व्हायचं तर एलएलएम ५५ टक्क्यांनी आणि त्यावर नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा), किंवा पीएचडी. एलएलएम आता भारतात बऱ्याच ठिकाणी एका वर्षाचं आहे, लॉ युनिव्हर्सिटीत जायचं तर क्लॅटची पीजी परीक्षा. आयपीसाठी एनयूजेएस आहे, कोचीच्या कुसाटमध्ये आयपीचं जुनं केंद्र आहे, आयआयटी खरगपूरला आयपीचं लॉ स्कूल आहे. एलएलएमच्याच वर्षात नेट देऊन टाकावी, नंतर अभ्यासाची लय तुटते. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा ऑनलाइन प्राथमिक कोर्स फुकट आहे, तो सुट्टीत होतो. एक गोष्ट पालकांच्या लक्षात नसते, पेटंट एजंटची परीक्षा द्यायला विज्ञान किंवा इंजिनियरिंगची पदवी लागते, बीए एलएलबीला ती देता येत नाही. पण पेटंट कायदा शिकवायला, त्यावर संशोधन करायला काही आडकाठी नाही. गोव्यात सरकारी जागेवर यायचं तर कोकणी आलीच पाहिजे आणि १५ वर्षं राहिल्याचा दाखला लागतो, तो प्रश्न तुम्हाला नाही. जागा मात्र कमी निघतात, खरं सांगते. पाच-सात वर्षं बाहेर, म्हणजे पुणे, बंगळुरू, कुठंही, शिकवायची तयारी हवी. सनद घेऊन ठेवायला हरकत नाही. पण पूर्ण वेळ पगारी शिक्षक झाली की वकिलीचे नियम वेगळे लागतात, ते बार कौन्सिलमधून नीट समजून घ्या.

आणि तब्येत. हे करिअर बाहेरून शांत दिसतं, आतून एकट्याचं असतं. आईने विचारत राहावं, जेवलीस का, झोपलीस का. एवढं केलंत तरी पुष्कळ.

फोंड्याची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री तिच्या बाबांना अख्खा धागा वाचून दाखवला. फॉर्म सत्तावीसचं ऐकून ते म्हणाले हे काम वकिलाहून कमी नाही. काका अजून जेएमएफसीवर आहेत, ते असू देत. लेक इथंच बसलीय, तिला लिहायचंय.

नमस्कार, मी मुलगी. एवढं सगळं माझ्यासाठी लिहिलंत. मला या वर्षी डिझर्टेशनचा विषय द्यायचाय. मी आधी एआय आणि कॉपीराइट घेणार होते, कारण सगळेच तो घेताहेत. आता वाटतंय फेणी घ्यावी: जीआय झाल्यानंतर अधिकृत वापरकर्ते कोण झाले, त्यात भट्टीवाले किती आणि बाटलीवाले किती, आणि जे झाले नाहीत ते का. हे मोजायला सुरुवात कुठून करू?

ताळगाव_पठार
विषय उत्तम. सुरुवात जीआय रजिस्ट्रीच्या साइटवरून कर, फेणीच्या नोंदीखाली अधिकृत वापरकर्त्यांची नावं बघायला मिळतात. जे तिथं सापडत नाही त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज, केंद्राचं ऑफिस आहे म्हणून ऑनलाइन जातो, शुल्क १० रुपये. प्रश्न छोटे छोटे विचार: वर्षनिहाय किती अर्ज आले, किती मंजूर, किती नाकारले, प्रलंबित किती. 'सर्व माहिती द्या' असं लिहिलंस तर काहीच येणार नाही. उत्तर अर्धवट आलं तर पहिलं अपील ३० दिवसांच्या आत टाक, ते चुकवू नको.

सत्तरीकर
बाय, मार्च-एप्रिलात ये, तेव्हा भट्टी पेटलेली असते. नीरो (काजूचा रस) काढण्यापासून उर्राक (पहिल्या धारेची दारू), फेणी सगळं बघ. आजूबाजूच्या भट्टीवाल्यांना मी सांगून ठेवतो. प्रश्न मराठीत नाहीतर कोकणीत लिहून आण, इंग्रजी फॉर्म बघितला की आमची माणसं उठून जातात. आईला पण घेऊन ये.

फोंड्याची_आई
(लेकीकडून) नक्की येते, दादा. आणि माडाची फेणी काढणारे कोणी सासष्टीत किंवा काणकोणात ओळखीचे आहेत का? ते नोंदीत नाहीत म्हणूनच मला त्यांना भेटायचंय.

काणकोणची_सुनंदा
आमच्या वाड्यावर एक रेंदेर काका आहेत, अजून माडावर चढतात. मी उद्या विचारते आणि इथंच कळवते. त्यांचं नाव-नंबर मात्र इथं उघड्यावर टाकणार नाही, व्यक्तिगत निरोप बघ.